मण्यारीची स्पॅनिश

स्पॅनिशमधले रोगांचे शब्द पाठ करायला घेतले, तेव्हा पहिली पानं भराभर संपली. मालारिया, कोलेरा, देंगे यांना फारसं शिकावं लागत नाही. अडलं ते सर्पदंशापाशी, आणि जुन्नर-आंबेगावच्या माणसाला तो टाळून पुढे जाता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं २०१७ साली. इथे रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी धरणाऱ्यांना आणि डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला जमिनीवर अंथरूण टाकणाऱ्यांना त्याची भीती कुणी शिकवावी लागली नव्हती. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत तर कितीतरी वर्षं सर्पदंशावरच्या उपचारांच्याच कामात आहेत.

स्पॅनिशमध्ये या विषयावर भरपूर वाचायला मिळतं, कारण कोस्टा रिकातली क्लोदोमिरो पिकादो संस्था १९७० पासून प्रतिविषावर काम करते आहे. तिकडचा धाक तेर्सिओपेलो या सापाचा. तो आपल्या घोणशीच्या कुळातला. साहजिकच शब्दही त्याच्याच चाव्याचे: सूज, रक्तस्राव, ठणका. घोणस किंवा फुरसं चावलेल्याचं दुखणं तेवढ्यात सांगून होतं. मण्यारीचं होत नाही. ती रात्री झोपेत चावते. सूज नाही, आग नाही, दाताची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, गिळवत नाही, मग श्वास अडतो. हे शब्द मला मिळाले कोरल सापाच्या छोट्याशा प्रकरणात. तो नाग-मण्यारीच्या कुळातला. शब्दसंग्रहाची पुस्तकं दुखणी अवयवांप्रमाणे लावतात, हे मला मुळीच पटत नाही. त्या हिशेबाने मण्यार पोटदुखीच्या पानावर जाईल.

आपल्याकडेही सगळं सरळ नाही. रात्री सापाचं नाव घ्यायचं नसतं. जनावर म्हणायचं, नाहीतर लांबडं. चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. शहरातून नव्याने आलेल्या डॉक्टरला हे कुठल्या वर्गात शिकवणार?

आपली सापाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच. त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची खटपट व्यर्थ; वेळ आणि लक्षणं नीट सांगता यायला हवीत. माझ्या वहीत आता रोगांच्या नावांआधी प्रश्न आहेत: कधीपासून दुखतंय, डोळे पूर्ण उघडतात का, रात्री खाली झोपला होता की बाजेवर, मच्छरदाणी होती का. शेवटचे दोन मला कुठल्याही स्पॅनिश पुस्तकात सापडले नाहीत. ते मीच जुळवून लिहिलेत.