उष्टावणाची वाटी

महागाव तालुक्यातलं फुलसावंगी असो की दुसरं कुठलं गाव, बाळाचं उष्टावण झालं की आजी बजावते, ‘शेंगदाणा नको हो, बाधतो.’ धास्ती खोटी नाही. पण २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवलं, की धोका जास्त असलेल्या बाळांनाही पहिल्या वर्षात शेंगदाणा सुरू केला, तर त्याची अॅलर्जी पुष्कळच टळते. अख्खा दाणा मात्र नकोच, घशात अडकतो. भाजून बारीक वाटलेला कूट चिमूटभर, पातळ पेजेत कालवून द्या. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही सकाळी. दिवसभर लक्ष राहतं. इसब असलेल्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारा. गांधी उठल्या तर तो पदार्थ थांबवून त्यांना दाखवा. ओठ सुजले, श्वास घरघरला, तर अंगारे-धुपारे राहू द्या. आधी १०८ ला फोन लावा.