ब्रेक दिलेलं कौशल्य

पुण्यातल्या पगारांचा विषय निघाला की हल्ली उत्तर ठरलेलं असतं: कौशल्याचा अभाव. नोकऱ्या आहेत, लायक माणसं नाहीत. या एका वाक्यात उद्योजक, मंत्री आणि कुलगुरू तिघेही निर्दोष सुटतात, म्हणूनच ते परिसंवादांत इतकं चालतं. परप्रांतीयांमुळे मजुरी पडली, हे उत्तर त्याहून सोपं. त्यावर शाई घालवू नये. कौशल्यवाल्यांचं मात्र ऐकून घ्यायला हवं. अनेक आयटीआयमधली यंत्रं जुनाट आहेत आणि अभियांत्रिकीची पदवी स्वस्त झाली आहे, हे कोण नाकारेल?

पण चाकणच्या एखाद्या असेंब्ली लाइनवर जाऊन पाहा. शेजारी शेजारी दोघं उभे, दोघंही फिटर ट्रेडचे, हातात तोच टॉर्क रेंच, सायकल टाइमही तोच. एक कायम, दुसरा ठेकेदाराचा. पहिल्याच्या पगारात दुसऱ्याचे दोन पगार सहज बसतात. इथे कौशल्याने नेमकं काय ठरवलं? पुढचं तर आणखी गमतीचं आहे. आदर्श स्थायी आदेशांमुळे 240 दिवस भरले की कायमपणाचा दावा उभा राहत आला. म्हणून सातव्या महिन्याच्या आसपास, हात नुकता बसलेला असताना, त्या पोराला ब्रेक मिळतो. तो लातूरला किंवा बीडला परततो आणि त्याच्या जागी कोरा पोरगा येतो. कुशल माणसाची खरोखर टंचाई असलेला कारखानदार कमावलेला हात असा गेटाबाहेर काढेल?

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांचं उदाहरण देऊन हा मुद्दा खोडल्याचा आव आणला जातो. तिथे तर मोठ्या कंपन्यांत नवख्या अभियंत्याचं वार्षिक पॅकेज दशकभराहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलं आहे. मधल्या काळात तंत्रज्ञान किती वेळा बदललं! उमेदवारच फार आहेत, असं यावर सांगतात. मग तो बाजारभाव झाला, कौशल्याची किंमत नव्हे.

पिंपरी-आकुर्डीत चांगले पगार झाले, तेव्हाचे कामगार आजच्यापेक्षा हुशार नव्हते. कामाचा हुकूम देणारा आणि पगारपत्रकावर सही करणारा एकच होता, त्यामुळे करार कोणाशी करायचा हे ठाऊक होतं. 1989 मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना उचललं. ते हरले, पण निदान खऱ्या मालकाशी भांडून हरले.

माझ्या मते भेद करायचा तो कुशल आणि अकुशल असा नाही; काम करून घेणारा मालक आणि पगाराला बांधील मालक असा आहे. हे दोघे वेगळे झाले की कौशल्य वाढूनही सौदा करायला समोर कोणी उरत नाही. ठेकेदार म्हणतो, कंपनी दर देत नाही. कंपनी म्हणते, तो तुमचा मालक. 1970 च्या ठेकेदारी कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत सारख्या कामाला सारख्या वेतनाची अट होती. ती बहुतेक कागदावरच राहिली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठेकेदारी बंद केली तरी कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेत मुख्य कामाला ठेकेदारी वर्ज्य आहे, मात्र ते काम एरवी ठेकेदाराकडूनच होत असेल तर चालतं. आणि चाकणला ते एरवी कोणाकडून होतं?