समय आणि बिग बॉस

1988 साली दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ सुरू झालं, तेव्हा दर रविवारी सकाळी हरीश भिमाणींच्या आवाजात ‘समय’ बोलायचा. त्याला शरीर नव्हतं. पुढचं सगळं त्याला ठाऊक असायचं, तरी द्यूताचा डाव मांडला जात असताना त्याने कुणाचा हात धरला नाही की कुणाला भरीस घातलं नाही.

आता आमच्या घरात रात्री टीव्हीवरच्या बिग बॉसचा आवाज घुमतो. त्यालाही शरीर नाही. पुढचं त्यालाही ठाऊक असतं, पण ते घडवून आणणारा तोच म्हणून. आज त्या घरात कोंडलेल्या स्पर्धकांचा शिधा तोडायचा, उद्या दोन मैत्रिणींना एकमेकींची उणीदुणी काढायला समोरासमोर बसवायचं.

मी जन्मभर संस्कृत शिकवलं, त्यामुळे मला साक्षी आठवतो. सांख्य तत्त्वज्ञानातला पुरुष, म्हणजे आत्मा, फक्त बघतो, करत काही नाही. सतत कुणीतरी बघतंय, यात मला वावगं वाटत नाही. अथर्ववेदात म्हटलंय की दोघं जण खलबत करायला बसले तरी वरुण तिथे तिसरा असतोच. मात्र त्या दोघांचं भांडण लागावं, अशी वरुणाची इच्छा नसते. बिग बॉसच्या कॅमेऱ्याची असते. ज्याला बघण्यातून काही मिळवायचंय, त्याला साक्षी कसं म्हणायचं?

नात म्हणते, “आजी, तुमचं सगळं मुकुट लावून खोटं. ही माणसं तरी खरी आहेत.” मला नेमकं उलट वाटतं. ‘रामायण’ लागलं की टीव्हीला हार घालणारी शेजारीण होती आमची. (मला तिचा रागच यायचा, हाराआड अर्धा पडदा दिसायचा नाही.) पण अरुण गोविल म्हणजे राम नव्हे, हे तिलाही कळत होतं. नट आणि राम यांच्यामध्ये फट होती, आणि हात जोडायला तेवढी जागा पुरत होती. कोकणातल्या दशावतारात रात्रभर राजा झालेला माणूस पहाटे रंग पुसतो आणि आपल्या कामाला लागतो. बिग बॉसच्या घरातला माणूस स्वतःचंच सोंग घेऊन बसलेला. तो काय पुसणार?

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती नर्तकीसारखी आहे. प्रेक्षकांना स्वतःला दाखवून झालं की ती नाच थांबवते. त्यासाठी पुरुषानेही ‘पाहिलं हिला’ म्हणून उदासीन व्हावं लागतं. इथे तसं म्हणायला कुणी तयार नाही. शिवाय प्रेक्षकालाच मत द्यायला लावलंय, म्हणजे घरातून कुणाला हाकलायचं त्यात आपलाही हात.

परवा नातीने माझा मोबाइल घेऊन माझं मत परस्पर देऊन टाकलं. मी म्हटलं, “मला यात ओढू नकोस.” मग थोड्या वेळाने विचारलं, “कुणाला दिलंस गं?”