ग्रंथापुढे टेकलेला माथा

मूर्तिपूजा न मानणारा शीख ग्रंथापुढे माथा टेकतो, ही मग दुसरी मूर्तिपूजाच नव्हे काय? शाळेची सहल नांदेडला नेली की आमच्या शिक्षकांत हा प्रश्न हमखास निघतो. तो उडवून लावण्याजोगा नाही. पालखी, रुमाले, चवरी, पहाटेचा 'प्रकाश', रात्रीचे 'सुखासन' हे सारे पाहिले की आपल्या काकडआरती-शेजारतीची आठवण होणारच.

पण दसऱ्याच्या पाटीपूजनाला आपण पुस्तकांवर हळद-कुंकू वाहतो आणि त्या दिवशी अभ्यासाला सुटी देतो. (ही प्रथा मुले किती निष्ठेने पाळतात, ते मी तीस वर्षे पाहतो आहे!) गुरुद्वारात नेमके उलटे. ग्रंथी नेम न धरता पान उघडतात आणि जे पद समोर येईल ते त्या दिवसाचा 'हुकूम' म्हणून मोठ्याने वाचतात. आवडीचे पान निवडण्याची सोय नाही. १७०८ साली नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाला दिले. गुरू म्हणजे ऐकायचा शब्द, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

हा शब्द घरच्या माणसालाही वाकवता आला नाही. सातवे गुरू हरराय यांचा थोरला मुलगा रामराय औरंगजेबाच्या दरबारात गेला होता. बादशहाला खटकेल म्हणून त्याने नानकांच्या वाणीतला एक शब्द बदलून सांगितला. एकच! शीख परंपरा सांगते की पित्याने पुन्हा त्याचे तोंड पाहिले नाही. गादी धाकट्या हरकिशनकडे गेली.

आणि हा माथा टेकतो तरी कोणापुढे? १४३० पृष्ठांच्या त्या ग्रंथात गुरूंच्या जोडीला कबीर विणकर आहे, रविदास चांभार आहे, शेख फरीद आहे आणि आपल्या नामदेव शिंप्याची ६१ पदे आहेत. ज्या नामदेवांना औंढ्या नागनाथाच्या देवळातून उठवल्याची कथा आपण कीर्तनात ऐकतो, त्यांच्या शब्दापुढे तिकडे जमीनदारही वाकतो. मला यापुढे मूर्तिपूजेचा वाद फार किरकोळ वाटू लागतो.

खरा प्रश्न निराळाच आहे. पंजाबात कितीतरी गावांत दलितांचे गुरुद्वारे वेगळे आहेत, स्मशानेही वेगळी आहेत. दोन्हीकडे ग्रंथ तोच. एखाद्या सकाळी मोठ्या गुरुद्वारातल्या हुकुमात रविदासांचेच पद निघत असेल. ते ऐकून उठणारी मंडळी घराकडे जाताना एकमेकांशी काय बोलत असतील?