मद्यपी पतीचे साह्य आणि कमळाइसेचा नकार

लीळाचरित्राच्या एकांकात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या पूर्ववयातील द्यूताचा प्रसंग आहे. हरलेले द्रव्य देण्यासाठी त्यांनी कमळाइसेजवळ अलंकार मागितले आणि तिने ते दिले नाहीत. ही ईश्वराची लीळा. जीवाच्या व्यसनाशी तिची तुलना युक्त नव्हे. तथापि त्या नकाराकडे गृहस्थाश्रमी वाचकाने क्षणभर पाहावे. पतीने मागावे व पत्नीने द्यावे, एवढीच पत्नीधर्माची व्याख्या आपण करून ठेवल्यामुळे तो नकार आपणांस कठोर वाटतो.

आष्टीच्या परिसरात हा प्रश्न पोथीपुरता राहत नाही. दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल बहुधा पुरुष घेतो; ती फिटते मात्र दोघांच्या घामाने. उचलीचे पैसे मद्यात गेले तरी पत्नीच्या डोक्यावरची एकही मोळी कमी होत नाही. ज्याचे कर्म त्यानेच भोगावयाचे, असे आपण निरूपणात सांगतो. फडात मात्र पिणारा एक आणि फेडणारी दुसरी.

मग साह्य कशास म्हणावे? त्याची उधारी भागविणे, ‘त्यांना ताप आला आहे’ असे मुकादमास सांगणे, हे प्रेमापोटी घडते खरे. परंतु त्याने आडोसा मिळतो तो व्यसनास. त्याहून सूक्ष्म मोह नकळत औषध देण्याचा. पिणाऱ्याला न सांगता दारू सोडविण्याच्या जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अशा पुडीत काय असते कोण जाणे! डायसल्फिरामसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते. ते पोटात असता मद्य घेतल्यास छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, प्रसंगी प्राणही जातो. शिवाय नेम ज्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो. उपदेश घेताना मद्याचा त्याग कोणी दुसऱ्याच्या वतीने करीत नाही.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे रोग्यांच्या ३५ दिवसांच्या उपचाराबरोबर त्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गटही चालविला गेला. अमेरिकेत लोइस विल्सन या मद्यमुक्त झालेल्या गृहस्थाच्या पत्नीने १९५१ साली ‘अल-अनॉन’ ही कुटुंबीयांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. पतीच्या पिण्याचे कारण पत्नी नव्हे आणि ते थांबविणे तिच्या हाती नाही, हे तेथे प्रथम शिकावे लागते.

तिच्या हाती उरते ते थोडके नव्हे. फार पिणाऱ्याने एकाएकी मद्य सोडल्यास कंप, भ्रम, झटके येऊ शकतात. म्हणून त्यास डॉक्टरांकडे न्यावे. शुद्धीत असता स्पष्ट बोलावे. तो पुन्हा प्याला, आणि पुष्कळदा असे होते, तरी मागचे सर्व दिवस वाया गेले असे मानू नये. मारहाण करीत असेल तर मुलांसह दूर राहावे. तोही त्याग अधर्म नव्हे.

कमळाइसेच्या हाती निदान अलंकार होते. आष्टीच्या स्त्रीच्या हाती तिच्या अर्ध्या कोयत्याची उचलही येत नाही. मग तिने नकार द्यावा तो कशाचा? तिचा अर्धा वाटा तिच्याच हाती द्यावा, हे मुकादमास व घरच्या वडीलधाऱ्यांस आपल्यापैकी कोणी सांगितले आहे काय?