विकत न घेतलेला खेळ

आपला मुलगा संगणकावर एखादा चोरटा, फुकट उतरवलेला खेळ खेळत असतो. आपण हटकले की तो म्हणतो, "अब्बा, मी तो विकत घेणारच नव्हतो. मग नुकसान कोणाचे झाले?" हा प्रश्न रागावून टाळण्याजोगा नाही.

२०१३ साली दोन भावांच्या 'ग्रीनहार्ट गेम्स' या छोट्या संस्थेने 'गेम डेव्ह टायकून' हा खेळ विक्रीस आणला. किंमत सुमारे ८ डॉलर. त्याच वेळी त्यांनी स्वतःच त्याची एक 'चोरटी' प्रतही टॉरेंटवर सोडून दिली. पहिल्या दिवशी २१४ प्रती विकल्या गेल्या. फुकट प्रत खेळणारे होते ३,१०४. या खेळात आपण खेळ बनवणारी कंपनी चालवायची असते. चोरट्या प्रतीत मात्र लोक कंपनीचे खेळ चोरत राहतात आणि शेवटी तिचे दिवाळे निघते. गंमत पाहा, फुकट खेळणारेच या चोरीबद्दल तक्रार करू लागले!

तथापि न्यायाने बोलावे. त्या ३,१०४ प्रती म्हणजे तितकेच बुडालेले सौदे नव्हेत. युरोपियन आयोगाने करवून घेतलेल्या व २०१७ साली उजेडात आलेल्या अभ्यासातही चोरट्या प्रतींमुळे खेळांची विक्री घटते, असा ठोस पुरावा आढळला नाही. म्हणजे मुलाचे म्हणणे येथवर खरे असू शकते. फुगवलेल्या आकड्यांनी त्याला गप्प करणे ईमानवंतांना शोभत नाही.

परंतु सूरह निसाच्या २९ व्या आयतीने दुसऱ्याच्या मालाची वैधता परस्पर राजीखुशीच्या व्यवहाराशी जोडली आहे, मालकाच्या तोट्याशी नव्हे. एस.टी.च्या रिकाम्या आसनावर विनातिकीट बसल्याने डिझेल जास्त जळत नाही. म्हणून तो प्रवास हलाल होतो काय? ग्रंथकर्त्याच्या हक्काबाबत पूर्वी उलेमांत मतभेद होते. १९८८ साली कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मात्र हे हक्क शरीयतमान्य व त्यांवरील अतिक्रमण अवैध ठरवले.

मालक राजी असेल, तर गोष्ट निराळी. 'मॅकपिक्सेल'च्या निर्मात्याने २०१२ साली आपला खेळ पायरेट बेवर स्वतःहून ठेवला आणि इच्छेनुसार मोल द्या म्हटले. तेथे फुकट घेण्यात पाप कसले?

आणि ज्याने परवानगीविना घेतले, त्याचे काय? हा हुकूकुल इबादचा, माणसांच्या हक्कांचा प्रश्न आहे. येथे नुसती तौबा पुरत नाही, ज्याचा हक्क त्याला पोचवावा लागतो. 'गेम डेव्ह टायकून' आजही विकत मिळतो.