संरचनात्मक पाप आणि व्यक्तीची जबाबदारी

दारिद्र्य हे पाप मानले तर ते कोणाचे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य अमेरिकेतील कॅथलिक धर्मचिंतनाच्या केंद्रस्थानी होता. १९६८ साली कोलंबियातील मेदेयीन येथे भरलेल्या लॅटिन अमेरिकी बिशपांच्या परिषदेने खंडातील अन्यायाला संस्थात्मक हिंसा म्हटले, आणि मुक्तिधर्मशास्त्राने, म्हणजे गरिबांच्या मुक्तीला श्रद्धेचा गाभा मानणाऱ्या विचारधारेने, ‘संरचनात्मक पाप’ ही संकल्पना पुढे आणली. कोणी स्वतः चोरी वा हत्या केली नसली, तरी जमिनीची मालकी, मजुरी, कायदे आणि लष्कर यांची घडणच काहींना पिढ्यान्‌पिढ्या उपाशी ठेवत असेल, तर पाप त्या घडणीत वसते, असा तिचा आशय.

एल साल्वादोरचा इतिहास तिला पुरेपूर दुजोरा देतो. १८८१-८२ च्या कायद्यांनी तेथील सामाईक जमिनी मोडीत काढल्या व कॉफीचे मोठे मळे फोफावले. १९३२ चा उठाव हजारो शेतकऱ्यांच्या कत्तलीने चिरडला गेला. आणि गरिबांची भूक ही ईश्वरेच्छा नव्हे असे सांगणारे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो २४ मार्च १९८० रोजी मिस्सा चालू असतानाच गोळीला बळी पडले.

परंतु कॉफी कोस्टा रिकातही पिकत होती आणि चर्चही तेच होते. तेथे १९४३ साली राष्ट्राध्यक्ष काल्देरोन ग्वार्दिया, कम्युनिस्ट नेते मानुएल मोरा आणि आर्चबिशप व्हिक्टर सानाब्रिया यांच्या समझोत्यातून कामगार संहिता साकारली, आणि १९४८ च्या यादवी युद्धात विजयी झालेल्या होसे फिगेरेस यांनी पराभूत पक्षाच्या या सुधारणा कायम ठेवून लष्कर मात्र बरखास्त केले. ग्वाटेमालात १९५२ च्या कायद्याने मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन भूमिहीनांना मिळू लागली, तेव्हा तेथील आर्चबिशप मारियानो रोसेल यांनी एप्रिल १९५४ मध्ये साम्यवादाविरुद्ध उठण्याचे आवाहन केले. काही आठवड्यांतच अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेने घडवलेल्या उठावात हा कायदा आणणारे राष्ट्राध्यक्ष आर्बेंझ यांचे सरकार कोसळले आणि तो कायदा रद्द झाला. १९६० ते १९९६ च्या यादवीत सुमारे २ लाख माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, त्यांत बहुसंख्य माया समाजातील होती. एकाच धर्मग्रंथाला प्रमाण मानणाऱ्या दोन आर्चबिशपांचे हे दोन निर्णय पाहता, रचना माणसांच्या निवडीतूनच घडते व टिकते, हे नाकारता येत नाही.

अर्थात कोस्टा रिकाचे सारे श्रेय सद्‌गुणाला देणे अन्यायाचे ठरेल, कारण तेथे मजूर दुर्मिळ होते, लहान शेतकरी अधिक होते आणि वेठबिगारीला जुंपता येईल असा मोठा मूलनिवासी समाज नव्हता. ज्याला तत्त्वज्ञानात नैतिक दैव म्हणतात, म्हणजे कर्त्याच्या हाताबाहेरील परिस्थितीने त्याच्या कृतीचे मोल ठरणे, त्याचा वाटा येथे मोठा आहे. शिवाय समृद्धी म्हणजे न्याय नव्हे: कालव्याच्या उत्पन्नावर पनामा श्रीमंत झाला तरी तेथील मूलनिवासी प्रदेश दरिद्रीच राहिले, आणि होंडुरासला तर परदेशी गेलेल्यांनी पाठवलेल्या पैशाचा आधार लागतो, म्हणजे तेथील घडण आपली माणसेच बाहेर ढकलून तग धरते.

संरचनात्मक पापाच्या संकल्पनेतील खरा धोका येथे आहे. पश्चात्ताप रचना करू शकत नाही, तो माणसालाच करावा लागतो. दोष सर्वांचा म्हटला की तो कोणाचाच उरत नाही, आणि सत्ताधाऱ्यांना हेच हवे असते. ग्वाटेमालातील सत्यशोधन आयोगाला व्यक्तींवर जबाबदारी निश्चित करण्याची मुभाच नव्हती. एल साल्वादोरमध्ये अशाच आयोगाने १९९३ साली दोषींची नावे घेतली, तर काही दिवसांतच सर्वांना माफी देणारा कायदा संमत झाला व तो २०१६ पर्यंत टिकला. त्याच देशात, संरचनात्मक अन्यायाचा सखोल विचार करणारे जेझुइट तत्त्वज्ञ इग्नासिओ एयाकुरिया यांची १९८९ साली विद्यापीठाच्या आवारात पाच सहकारी धर्मगुरू, स्वयंपाकीण आणि तिची मुलगी यांच्यासह सैनिकांनी हत्या केली होती. त्या प्रकरणी मात्र अखेर व्यक्तीवर जबाबदारी निश्चित झाली: स्पेनच्या न्यायालयाने २०२० साली माजी कर्नल इनोसेंते मोंतानो यांना १३३ वर्षांची शिक्षा सुनावली.